रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटला दिलेली ऑफर शीट नेमकी कोणाला उद्देशून असते?

कोर्टाबाहेरून (धागाकर्ता)

२०२५ च्या उन्हाळ्यात एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील चार तरुण खेळाडू, म्हणजे गोल्डन स्टेटचा जोनाथन कुमिंगा, शिकागोचा जॉश गिडी, ब्रुकलिनचा कॅम थॉमस आणि फिलाडेल्फियाचा क्वेंटिन ग्राइम्स, जुलै आणि ऑगस्ट हे दोन्ही महिने करारावाचून थांबून होते. चौघांचीही गुणवत्ता सर्वांना ठाऊक होती, तरीही एकाही संघाने त्यांच्यापैकी कोणालाही ऑफर शीट (कराराचा लेखी प्रस्ताव) दिली नाही. सप्टेंबरमध्ये गिडीचा शिकागोशीच चार वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार झाला. कुमिंगा अगदी मुदतीच्या तोंडावर दोन वर्षांच्या करारावर राजी झाला, पण त्यातले दुसरे वर्ष संघाच्या मर्जीवर होते. थॉमस सुमारे ६० लाखांच्या आणि ग्राइम्स सुमारे ८७ लाख डॉलरच्या एका वर्षाच्या क्वालिफाइंग ऑफरवर खेळायला तयार झाले. हे असे का झाले, याचा विचार करताना जे सुचले ते इथे मांडतो आहे.

नियम थोडक्यात सांगतो. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. तो संपल्यावर संघाने ठरलेल्या रकमेची क्वालिफाइंग ऑफर दिली, की खेळाडू रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होतो. दुसरा संघ त्याला ऑफर शीट देऊ शकतो, परंतु मूळ संघाने ठराविक मुदतीत तीच ऑफर मॅच केली, म्हणजे तेवढीच देऊ केली, तर खेळाडू मूळ संघाकडेच राहतो आणि करारही त्याच अटींवर होतो. ही मुदत लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २००५ च्या सामूहिक करारात सात दिवसांची होती, २०११ मध्ये तीन दिवसांची झाली आणि २०१७ मध्ये दोन दिवसांवर आली. वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा विकताना सहवारसांना जो अग्रहक्क असतो, त्याच जातीचा हा हक्क आहे. भाऊ त्याच भावात जमीन घेणार हे ठाऊक असले, की बाहेरचा गिऱ्हाईक बोली लावायलाच येत नाही, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

माझे म्हणणे असे आहे, की ऑफर शीटवर नाव खेळाडूचे असले, तरी तिचा मजकूर मूळ संघाच्या हिशेबवहीसाठी लिहिलेला असतो. खेळाडूला किती द्यावे हा प्रश्न त्यात दुय्यम ठरतो; मूळ संघाला कोणत्या वर्षी, कोणत्या स्वरूपात आणि किती जड जाईल, हा पहिला असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१२ चे आहे. न्यूयॉर्क निक्सच्या जेरेमी लिनला ह्यूस्टन रॉकेट्सने तीन वर्षांची २ कोटी ५१ लाख डॉलरची ऑफर शीट दिली. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ५० लाख आणि ५२ लाख डॉलर होते, तिसऱ्या वर्षात मात्र एकदम १ कोटी ४९ लाखांच्या आसपास. ही चढण मनमानी नव्हती. दुसऱ्या फेरीत निवडला गेलेला गिल्बर्ट अरेनास २००३ मध्ये गोल्डन स्टेट सोडून वॉशिंग्टनला गेला, कारण सॅलरी कॅपमुळे (संघाच्या एकूण पगारांवरील मर्यादेमुळे) गोल्डन स्टेटला तेवढी रक्कम देताच येत नव्हती. तशी वेळ पुन्हा कोणावर येऊ नये म्हणून २००५ मध्ये नियम झाला, की एक-दोन वर्षेच खेळलेल्या खेळाडूला पहिल्या वर्षी मिड-लेव्हल एक्सेप्शनपेक्षा (कॅप ओलांडलेल्या संघालाही देता येणाऱ्या ठराविक रकमेपेक्षा) जास्त रक्कम देता येणार नाही. तिसऱ्या वर्षी मात्र ती एकदम वाढवता येईल. मूळ संघाच्या रक्षणासाठी केलेल्या या नियमात तिसऱ्या वर्षाची पळवाट राहिली, आणि ह्यूस्टनने ती ओळखली. ह्यूस्टनच्या कॅपवर ही रक्कम दरवर्षी सरासरीने, म्हणजे सुमारे ८४ लाख, मोजली जाणार होती. न्यूयॉर्कने ती मॅच केली असती, तर प्रत्यक्ष आकडे धरले गेले असते आणि तिसरे वर्ष २०१३-१४ पासून लागू होणाऱ्या वाढीव लक्झरी टॅक्सच्या (पगार ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावर संघाला लागणाऱ्या दंडाच्या) काळात पडले असते. न्यूयॉर्कने लिनला जाऊ दिले. त्याच उन्हाळ्यात ह्यूस्टनने जवळपास तीच ऑफर शीट शिकागोच्या ओमर अशिकला दिली, आणि शिकागोनेही माघार घेतली.

इतर सभासदांना इतर कोणती उदाहरणे महत्त्वाची वाटतात, आणि हा हक्क मुळात योग्य आहे का, हे वाचायला मला आवडेल.

हिशेबनीस

धागा आवडला. ह्यूस्टनच्या गोष्टीला पुढचा एक अंक आहे आणि तो सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. २०१४ च्या जुलैमध्ये ह्यूस्टनला मायामीच्या क्रिस बॉशसाठी कॅपवर जागा हवी होती. अशिकला त्यांनी न्यू ऑर्लिन्सला पाठवले. लिनच्या कराराचे तेव्हा नेमके तिसरे वर्ष लागत होते, म्हणजे कॅपवर ८४ लाखांच्या आसपास, पण प्रत्यक्ष द्यायचे दीड कोटीच्या जवळपास. तो बोजा घ्यायला लेकर्सना राजी करण्यासाठी ह्यूस्टनला लिनबरोबर ड्राफ्टमधील पहिल्या फेरीची एक निवडही द्यावी लागली. न्यूयॉर्कसाठी लिहिलेले तिसरे वर्ष अखेरीस ह्यूस्टनच्याच अंगावर आले.

त्याच आठवड्यात चँडलर पार्सन्सचे प्रकरण घडले. त्याच्या करारात आणखी एक वर्ष संघाच्या मर्जीवर होते आणि त्याची किंमत १० लाख डॉलरहूनही कमी होती. ह्यूस्टनने ते वर्ष मुद्दाम सोडले, कारण मग तो २०१४ मध्ये रिस्ट्रिक्टेड होणार होता; ते वर्ष वापरले असते, तर २०१५ मध्ये तो पूर्ण मोकळा झाला असता. डलासने त्याला तीन वर्षांची ४ कोटी ६० लाखांची ऑफर शीट दिली आणि बॉशचा निर्णय लागण्यापूर्वी मॅच करण्याचे घड्याळ सुरू झाले. बॉश मायामीतच राहिला आणि ह्यूस्टनने पार्सन्सची ऑफर मॅच केली नाही. म्हणून मला वाटते, की ऑफर शीटमध्ये रकमेइतकीच तारीखही महत्त्वाची असते. मूळ संघाचे लक्ष दुसरीकडे अडकलेले असताना पत्र पोहोचले, तर दोन-तीन दिवसांची मुदत अपुरी पडते.

निळी_छत्री

मी हा खेळ गेली काही वर्षेच पाहते आहे, म्हणून एक साधा प्रश्न विचारते. संघाला खेळाडू हवाच असेल, तर त्याचा पहिला करार संपण्याआधीच तो वाढवून का देत नाहीत? बाजारात जाऊ देण्याचा धोका का पत्करायचा?

कोर्टाबाहेरून

प्रश्न अगदी मुळावर आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. बहुतेक चांगल्या खेळाडूंचे करार चौथा मोसम सुरू होण्यापूर्वीच वाढवले जातात. जे संघ थांबतात, ते पुष्कळदा खेळाडूविषयी शंका असते म्हणून थांबतात, पण कधी कधी त्यांच्या पूर्ण भरवशामुळे थांबतात. हा दुसरा प्रकार कमी लोकांच्या लक्षात येतो.

करार संपलेल्या खेळाडूवरचा हक्क राखायचा असेल, तर संघाच्या कॅपवर त्याच्या नावाने एक रक्कम अडकवून ठेवली जाते. तिला कॅप होल्ड म्हणतात. पहिल्या करारातील पगार लहान असल्यामुळे हा कॅप होल्डही त्या खेळाडूच्या नव्या पगाराच्या मानाने लहान असतो. २०१४ च्या शरद ऋतूत सॅन अँटोनियोने कवाय लेनर्डचा करार वाढवला नाही, आणि हा खेळाडू त्याच वर्षीच्या फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू होता. २०१५ मध्ये त्याचा कॅप होल्ड सुमारे ७२ लाख डॉलर होता, तर त्याच्या नव्या कराराचे पहिले वर्ष दीड कोटीच्या वर जाणार होते. मधल्या फरकाच्या जागेत संघाने लामार्कस ऑल्ड्रिजला चार वर्षांसाठी ८ कोटींहून अधिक रकमेवर करारबद्ध केले आणि त्यानंतर लेनर्डचा पाच वर्षांचा करार केला. फिलाडेल्फियाने हीच वाट २०२४ मध्ये टायरीस मॅक्सीच्या बाबतीत धरली. त्याचा कॅप होल्ड सुमारे १ कोटी ३० लाख होता आणि नव्या कराराचे पहिले वर्ष ३ कोटी ५० लाखांच्या आसपास. त्या दरम्यान पॉल जॉर्ज २१ कोटी २० लाखांच्या करारावर आला, आणि मग मॅक्सीने २० कोटी ४० लाखांच्या करारावर सही केली.

इथे रिस्ट्रिक्टेड असण्याचा उपयोग अगदी वेगळ्या कारणासाठी झाला. ऑफर दिली, की ती मॅच होणारच हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे बाहेरून कोणी आले नाही आणि संघाला आपल्या सोयीचा क्रम लावता आला. मात्र यात खेळाडूने एक पूर्ण वर्ष दुखापतीची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतलेली असते, आणि ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

तिसरा_पंच

मूळ लेखातील मुद्द्याला मी यूटा जॅझची साखळी जोडतो, कारण या एका संघाने ऑफर शीटची जवळजवळ सगळी रूपे अनुभवली आहेत. २००९ मध्ये पोर्टलंडने पॉल मिलसॅपला चार वर्षांची सुमारे ३ कोटी २० लाखांची ऑफर दिली आणि त्यातली मोठी रक्कम सुरुवातीलाच रोखीने द्यावी लागेल अशी तिची रचना केली. लहान शहरातल्या संघाला एकूण रकमेपेक्षा ही पहिल्या काही दिवसांतली रोख जड जाते, हे पोर्टलंडला माहीत होते. तरीही यूटाने ती मॅच केली. पुढच्याच वर्षी त्याच पोर्टलंडने यूटाच्याच वेस्ली मॅथ्यूजला पाच वर्षांची सुमारे ३ कोटी ४० लाखांची ऑफर दिली. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला हा खेळाडू त्या वेळी यूटाने सोडून दिला.

सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण २०१४ मधील गॉर्डन हेवर्डचे आहे. शार्लटने त्याला चार वर्षांची ६ कोटी ३० लाखांची ऑफर दिली, आणि चौथे वर्ष खेळाडूच्या मर्जीवर ठेवले. यूटाने ती मॅच केली आणि सर्वांना वाटले, की प्रश्न मिटला. पण मॅच करणे म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला करार एकही शब्द न बदलता स्वीकारणे. हेवर्ड तीन वर्षांनी, म्हणजे २०१७ मध्ये, मोकळा झाला आणि बॉस्टनला गेला; यूटाच्या हाती मोबदला म्हणून काहीही आले नाही. शार्लटने २०१४ मध्ये जी अट घातली, तिचा लाभ २०१७ मध्ये बॉस्टनला झाला, असे मी म्हणेन. आपल्या खेळाडूला बाजारात जाऊन किंमत आणायला सांगणे संघाला स्वस्तात पडल्यासारखे वाटते, पण त्याबरोबर कराराची मुदत आणि रचना ठरवण्याचे काम प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाते.

डोमवाला

मी ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन्ही सामने पाहिले आणि तेव्हापासून किंग्जची बातमी चुकवत नाही. त्यांचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले असल्यामुळे आपल्याकडे या संघाविषयी थोडी जास्त आपुलकी आहे. म्हणून बोगदान बोगदानोविचचे प्रकरण माझ्या मनाला लागले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये तो रिस्ट्रिक्टेड होता. मिलवॉकीकडे साइन-अँड-ट्रेड (मूळ संघाने करार करून लगेच मोबदल्यात दुसऱ्या संघाला देणे) होणार अशी बातमी फ्री एजन्सी सुरू होण्याआधीच फुटली, बोगदानोविचने त्याला संमती दिली नव्हती असे पुढे आले, आणि व्यवहार मोडला. लीगने चौकशी करून मिलवॉकीची २०२२ ची दुसऱ्या फेरीची निवड काढून घेतली. त्यानंतर अटलांटाने चार वर्षांची ७ कोटी २० लाखांची ऑफर शीट दिली, किंग्जने ती मॅच केली नाही, आणि एक उत्तम नेमबाज काहीही मोबदला न देता गेला.

माझा मुद्दा असा, की मॅच करायचे नसेल, तर ते संघाने लवकर ओळखले पाहिजे. ऑफर शीट आल्यावर फक्त होकार किंवा नकार उरतो; त्या क्षणी देवाणघेवाणीची दारे बंद होतात. साइन-अँड-ट्रेडमध्ये निदान कोणीतरी परत येते.

हिशेबनीस

डोमवाला यांच्या मुद्द्याशी सहमत आहे, आणि १९८२ चे उदाहरण त्याला आधार देते. तेव्हा मॅच करण्याचा हक्क असलेला संघ खेळाडू राखून नंतर त्याचा व्यवहार करू शकत असे. फिलाडेल्फियाने मोझेस मलोनला सहा वर्षांची १ कोटी ३२ लाखांची ऑफर दिली. ह्यूस्टनने ती मॅच केली आणि लगेच त्याला फिलाडेल्फियालाच देऊन बदल्यात कॉल्डवेल जोन्स आणि पहिल्या फेरीची एक निवड घेतली. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, फिलाडेल्फिया अजिंक्य ठरला. आज हे चालत नाही. मॅच केलेल्या खेळाडूला वर्षभर ऑफर देणाऱ्या संघाकडे पाठवता येत नाही, आणि इतरत्र पाठवायचे तर त्याची संमती लागते.

२०२२ मध्ये फिनिक्सला अशाच एका बंधनाने बांधून ठेवले. इंडियानाने डिआंद्रे एटनला चार वर्षांची १३ कोटी ३० लाखांची ऑफर दिली आणि फिनिक्सने ती लगेच मॅच केली. त्याच सुमारास केव्हिन ड्युरँटने ब्रुकलिनकडे दुसऱ्या संघात जाण्याची मागणी केली होती आणि फिनिक्सचे नाव त्यात आघाडीवर होते, पण मॅच केल्यामुळे एटनला जानेवारीच्या मध्यापर्यंत कोणत्याही व्यवहारात घालता येत नव्हते. एटन शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये पोर्टलंडला गेला.

निळी_छत्री

उत्तरांबद्दल आभार. पण या सगळ्यात ऑफर देणाऱ्या संघाला काय मिळते, हे मला अजून नीट कळले नाही. मॅच झाली, तर त्याच्या हाती काहीच येत नाही ना?

तिसरा_पंच

बहुतेक वेळा काहीच येत नाही, आणि मुदत संपेपर्यंत त्याची कॅपवरची जागाही अडकून पडते. त्या एक-दोन दिवसांत इतर चांगले खेळाडू दुसरीकडे जातात. म्हणून ऑफर शीट प्रामुख्याने दोन प्रकारचे संघ देतात. पहिला प्रकार, ज्यांच्याकडे खेळाडू मिळवण्याचा दुसरा मार्गच नसतो. २०१३ मध्ये पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेट यांच्यासाठी ब्रुकलिनने बॉस्टनला इतक्या ड्राफ्ट निवडी दिल्या, की पुढची काही वर्षे तरुण खेळाडू आणण्याची वाटच बंद झाली. कॅपवर जागा मात्र होती. ब्रुकलिनचे सरव्यवस्थापक शॉन मार्क्स यांनी २०१६ मध्ये मायामीच्या टायलर जॉन्सनला ५ कोटी आणि पोर्टलंडच्या ॲलन क्रॅबला ७ कोटी ५० लाख, तर २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या ऑटो पोर्टरला १० कोटी ६५ लाखांची ऑफर दिली. तिन्ही ऑफरी मॅच झाल्या. पण जॉन्सनच्या करारात पहिल्या दोन वर्षांत ५६ आणि ५९ लाख होते आणि शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येकी १ कोटी ९२ लाख. तो बोजा मायामीला पेलवला नाही आणि २०१९ मध्ये जॉन्सन फिनिक्सला गेला. क्रॅब तर बंदीचे एक वर्ष पुरे होताच थेट ब्रुकलिनमध्येच आला. ब्रुकलिनने धीर धरला, पण तिथवर क्रॅबचा पगार त्याच्या खेळाच्या मानाने फार मोठा ठरला होता, हेही नोंदवायला हवे.

दुसरा प्रकार, ज्यांना प्रतिस्पर्ध्याची वाट अडवायची असते. २०१२ मध्ये टोरँटोने न्यूयॉर्कच्या लँड्री फील्ड्सला मोठी ऑफर दिली, कारण न्यूयॉर्क स्टीव्ह नॅशला मिळवण्यासाठी देवाणघेवाणीत फील्ड्सचा वापर करेल अशी शक्यता होती आणि नॅश स्वतः टोरँटोलाही हवा होता. शेवटी नॅश लेकर्सकडे गेला आणि फील्ड्स टोरँटोला.

पायरी

पॉल रीडचे उदाहरण कोणी दिले नाही, म्हणून लिहितो. २०२३ मध्ये यूटाने फिलाडेल्फियाच्या या राखीव सेंटरला तीन वर्षांची सुमारे २ कोटी ३० लाखांची ऑफर दिली आणि त्यात अशी अट घातली, की संघ पहिल्या वर्षी कॉन्फरन्स उपांत्य फेरीत पोहोचला, तरच पुढची दोन वर्षे हमीची होतील. यूटा तिथे पोहोचण्याची शक्यता नव्हती, फिलाडेल्फिया मात्र वर्षानुवर्षे पोहोचत होता. म्हणजे एकाच कागदावर एका संघाला एका वर्षाची आणि दुसऱ्याला तीन वर्षांची जोखीम. फिलाडेल्फियाने तरीही मॅच केले. २०२४ मध्ये न्यूयॉर्कने त्यांना पहिल्याच फेरीत हरवले, हमी लागू झाली नाही, आणि त्याच उन्हाळ्यात रीडला संघातून मोकळे करण्यात आले. मैदानावरच्या एका पराभवाने एका माणसाची दोन वर्षांची हमी गेली.

कोर्टाबाहेरून

पायरी यांचे उदाहरण वाचून मूळ प्रश्नाकडे परत येतो. हा हक्क योग्य आहे का?

इतिहास पाहिला, तर ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने चाललेल्या खटल्यातील १९७६ च्या तडजोडीने खेळाडूंना दुसऱ्या संघाशी बोलण्याची मोकळीक मिळाली, पण मूळ संघाचा मॅच करण्याचा हक्क राहिला आणि तो अनुभवी खेळाडूंवरही होता. १९८८ मध्ये टॉम चेंबर्स सिॲटलहून फिनिक्सला गेला, तेव्हा तो कोणत्याही अडवणुकीशिवाय संघ बदलणारा पहिला खेळाडू ठरला. त्यानंतर हा हक्क मुख्यतः करिअरच्या पहिल्या वळणावर उरला. संघाने निवडलेल्या आणि घडवलेल्या खेळाडूवर त्याचा काही अधिकार असावा, हे मला मान्य आहे. लहान शहरांच्या संघांना त्याशिवाय तग धरणे कठीण जाईल.

पण २०२५ च्या उन्हाळ्याने दुसरी बाजू दाखवली. २०२३ च्या सामूहिक करारानंतर एप्रनच्या, म्हणजे लक्झरी टॅक्सच्याही वरच्या खर्चाच्या, मर्यादा कडक झाल्या, आणि त्या उन्हाळ्यात कॅपवर मोठी जागा एकट्या ब्रुकलिनकडे होती. साइन-अँड-ट्रेडची वाटही अरुंद होती, कारण अशा खेळाडूचा पगार एकदम वाढला, की पाठवणाऱ्या संघाच्या हिशेबात बहुधा त्याचा अर्धाच भाग धरला जातो आणि दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नाहीत. बाहेर बोली लावणारा उरला नाही, की मॅच करण्याच्या हक्काला किंमत ठरवणारे कोणी राहत नाही. मूळ संघ एकटाच खरेदीदार होतो आणि खेळाडूच्या हाती १ ऑक्टोबरच्या मुदतीची क्वालिफाइंग ऑफर एवढेच शस्त्र राहते. ते चालवणे किती जोखमीचे आहे, हे दोन खेळाडूंच्या वाटेवरून दिसते. ग्रेग मन्रोने २०१४ मध्ये डेट्रॉइटची सुमारे ५५ लाखांची क्वालिफाइंग ऑफर घेतली आणि वर्षभराने मिलवॉकीकडून तीन वर्षांचे ५ कोटी मिळवले. नेर्लेन्स नोएलने २०१७ मध्ये डलासचा चार वर्षांचा ७ कोटींचा प्रस्ताव नाकारल्याचे वृत्त होते. त्याने ४१ लाखांची क्वालिफाइंग ऑफर घेतली, अंगठ्याला दुखापत झाली, आणि पुढचा करार किमान वेतनाचा मिळाला.

माझ्या मते क्वालिफाइंग ऑफरची रक्कम बरीच वाढवली पाहिजे, विशेषतः ज्या खेळाडूने चौथ्या वर्षी ठरलेल्या संख्येने सामने सुरुवातीपासून खेळले असतील त्याच्यासाठी. सध्या तशी थोडी वाढ मिळते, पण मूळ रक्कमच लहान असल्यामुळे ती अपुरी ठरते. थांबवून ठेवण्याची किंमत संघाला जाणवू लागली, तर जुलैमध्येच बोलणी होतील.

हिशेबनीस

प्रस्ताव पटला, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. क्वालिफाइंग ऑफर वाढली, तर कमी पसंतीच्या खेळाडूंना संघ ती देणारच नाहीत आणि ते थेट मोकळे होतील. माझ्या दृष्टीने हे वाईट नाही, कारण ज्याला राखण्यासाठी रास्त रक्कम द्यायची संघाची तयारी नाही, त्याच्यावर अग्रहक्कही नको. मात्र ही वाढ कॅप होल्डपासून वेगळी ठेवावी लागेल, नाहीतर मॅक्सीसारखा व्यवहार अशक्य होईल आणि मालक ती कधीच मान्य करणार नाहीत.